दूरबेटाचा उसना आवाज

बसस्थानकावर तिला सगळे घोषणाबाई म्हणायचे. फलाटांच्या वर तीन बाजूंनी काच असलेली एक खोली होती, आणि त्या खोलीत एक माइक, एक कुरकुरणारा पंखा, एक स्टूल आणि ती. कुठली गाडी कुठे लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं लेकरू हरवलं, कुणाचा डबा बाकावर राहिला, सगळं तिच्याच तोंडून कळायचं. गाडी उशिरा येणार हे तिच्या आवाजात ऐकलं की माणूस चिडण्याऐवजी पिशवी खाली ठेवून निवांत बसायचा. नवरा म्हणायचा, "स्टँडवर एवढं गोड बोलतेस, घरी येईस्तोवर साखर संपते का गं?" घरी ती खरंच फटकळ होती. मनात एक आणि ओठांवर एक असं तिला कधी जमलं नाही.

त्या आवाजामुळेच एक दिवस गेम बनवणाऱ्या कंपनीचा एक तरुण काचेवर टकटक करत आला. गाडीची वाट बघताना तो तिला ऐकत बसला होता आणि त्याची गाडी चुकली होती. त्यांच्या गेमचं नाव 'दूरबेट'. अख्खा समुद्र, त्यात बेटंच बेटं, आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातली माणसं एकाच होडीत बसून हिंडू शकतील, अशी कल्पना. गेम तयार व्हायच्या आधीच लोकांनी आपणहून पैसे द्यायचे, त्यातूनच तो बनवायचा. पैसे देणाऱ्यांची रीघ लागली होती. गेममधल्या बंदरावर खेळणाऱ्यांचं स्वागत करणारी एक बाई होती, तिच्यासाठी कंपनीला आवाज हवा होता.

तिने सुट्टी काढून एका बंद खोलीत दिवसभर वाक्यं म्हटली. "दूरबेटाच्या बंदरात तुमचं स्वागत आहे." "वारा पडला आहे, जरा थांबा." "चला, होडी तयार आहे." ठरलेले पैसे मिळाले, कागदावर सही झाली, ती घरी आली. पहिली जाहिरात आली ती समुद्राच्या चित्रावर तिच्याच आवाजात, आणि घरात सगळ्यात जास्त अभिमानाने फुगला तो तिचा धाकटा दीर.

दीर छापखान्यात मशीनवर होता. मशीनच्या धडधडीत बोलून बोलून त्याचा आवाज असा झाला होता की तो कुजबुजला तरी शेजारच्या घरात कळायचं. त्याने स्वतः पैसे भरले, आणि मग छापखान्यातल्या एकेकाच्या मागे लागला. "माझ्या वहिनीचा आवाज आहे त्यात. घरचंच काम समजा." बऱ्याच जणांनी भरले. बाइंडिंगला बसणाऱ्या मावशींनीही भरले, ते मुलासाठी. मुलगा परमुलखात नोकरीला होता आणि त्यानेच फोनवर सांगितलं होतं की आई, या गेममध्ये आपण दोघं एका होडीत बसू.

गेम पुढच्या उन्हाळ्यात येणार होता. मग त्याच्या पुढच्या. मग कंपनीने सांगितलं की समुद्र आधी ठरवला होता त्याहून मोठा करतोय, म्हणून वेळ लागतोय. मग लाटा नव्याने बनवायला घेतल्या. कंपनीचा मालक, ज्याला त्याचे भक्त कप्तान म्हणायचे, दर काही महिन्यांनी एक चित्रफीत टाकायचा, नवं बेट दाखवायचा आणि वर आणखी पैसे मागायचा. बेटं चकचकीत होती. त्यांवर पाय ठेवायला मात्र कुणालाच मिळत नव्हतं. सगळं घोंगडं भिजत पडलं होतं.

लोक आधी कुरकुरले, मग हसायला लागले. फोनवर, वर्तमानपत्रात, चहाच्या टपरीवर एकच विषय. कुणी म्हणायचं, आमची नातवंडं खेळतील. कुणी म्हणायचं, गेम नाहीच मुळी, नुसती चित्रं आहेत. आणि एका टवाळाने शोधून काढलं की जाहिरातीतली ती बंदराची बाई आपल्याच स्टँडवर बसते.

झालं. तिने "गाडी थोड्या उशिराने सुटेल" म्हटलं की खालून कुणीतरी ओरडायचं, "होडी तयार आहे," आणि फलाटभर खसखस पिकायची. एकदा एक चांगला नोकरदार दिसणारा माणूस वर आला आणि काचेवर बोटाने ठोकत राहिला.

"कधी येणार?" तो म्हणाला.

"कुठली गाडी?"

"गाडी नाही हो. गेम."

"मला काय माहीत? मी तिथे नोकरीला नाही."

"स्वागत तर तुम्हीच केलं होतंत," तो म्हणाला आणि तिचा फोटो काढून निघून गेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. रात्री जेवताना ती दिरावर उखडली, "तुमच्या त्या गेमपायी मला माझ्याच स्टँडवर तोंड लपवायची पाळी आलीय, भाऊजी."

"वहिनी, विघ्नसंतोषी लोक आहेत ते," दीर म्हणाला. "मोठं काम म्हटलं की वेळ लागतोच. त्यांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही." आणि तिलाही ते पटलं. सुरुवातीचा तिचा सगळा राग त्या हसणाऱ्यांवरच होता.

मग एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात भांडी विसळत असताना दीर फोन नाचवत आत आला.

"वहिनी, आम्हाला सांगितलंही नाहीत. गुपचूप जाऊन आलात होय?"

फोनमध्ये समुद्र होता, आणि समुद्रावर तिचा आवाज. तोच, अगदी श्वासासकट तिचा. तो म्हणत होता, "हे वर्ष संपायच्या आत आपण बंदरात भेटू. शंका घेणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. हा माझा शब्द आहे."

तिने नळ बंद केला. "परत लावा."

त्याने परत लावलं.

"हे मी बोललेले नाही," ती म्हणाली.

"असं काय करता? तुमचाच आवाज आहे."

"आवाज माझाच आहे. पण हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही, भाऊजी. मी त्या खोलीत परत गेलेच नाही."

ही चित्रफीत दिराने आदल्या रात्रीच छापखान्यातल्या सगळ्यांना पाठवली होती. वहिनीने शब्द दिलाय म्हणून सांगितलं होतं. दोघं-तिघं पैसे परत मागायच्या बेतात होते, ते तिच्या भरवशावर थांबले होते. मावशींनी तर गेममधल्या मोठ्या होडीसाठी आणखी पैसे भरले होते.

हातातलं पातेलं तिने असं आपटलं की त्याला पोचा पडला.

दुसऱ्या दिवशी ती आणि दीर कंपनीच्या कचेरीत गेले. दारातच काचेच्या पेटीत मोठं गलबत ठेवलेलं, भिंतींवर बेटांची चित्रं, आणि आत निम्म्याहून जास्त टेबलं रिकामी. जनसंपर्काचं काम बघणारी एक हसतमुख बाई भेटली. तिने पाणी दिलं आणि सांगितलं की सही केलेल्या कागदात आवाजावर प्रक्रिया करायची परवानगी आहे. त्या आवाजावरून यंत्र आता हवं ते वाक्य तयार करतं, त्यात गैर काही नाही.

"आवाज द्यायची सही केली होती मी," घोषणाबाई म्हणाली. "शब्द द्यायची नाही. माझा शब्द म्हणून जे ऐकवताय, तो कुणाचा शब्द आहे?"

"ते पात्र बोलतंय, मॅडम. लोकांना खूप आवडलंय."

"कप्तानाला बोलवा."

कप्तान परगावी होता. नंतरही प्रत्येक फोनला तो परगावीच असायचा.

पण कंपनीचा दरवर्षीचा मेळावा जवळ आला होता, आणि तिथे त्याला यावंच लागणार होतं. पैसे भरलेल्यांना त्यात प्रवेश होता. दिराने स्वतःसोबत तिलाही नेलं. सभागृह खचाखच भरलं होतं. पुढे कप्तानाच्या टोप्या घातलेले भक्त, मागच्या रांगांत हात बांधून बसलेले संशयी. कप्तानाने आणखी एक बेट दाखवलं, टाळ्या घेतल्या, आणि प्रश्नांसाठी माइक फिरायला लागला. तिने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"मी बसस्थानकावर घोषणा करते," ती म्हणाली. तेवढ्यावरच सभागृह उसळलं. तो आवाज प्रत्येकाच्या कानात होता. भक्त उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

"नव्या जाहिरातीतलं ते 'माझा शब्द आहे' वाक्य मी बोललेले नाही," ती म्हणाली, तर हशा आला. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं लोकांना वाटलं. कप्तानही हसला. हात पसरून म्हणाला, "मित्रहो, आमच्या बंदराची राणी खुद्द आली आहे."

असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. "मी राणीबिणी नाही. तुम्ही माझ्या आवाजात खोटं बोललात, लोकांनी त्यावर पैसे..." आणि माइक बंद पडला. बंद केला गेला, असंच म्हणायला हवं.

ती बोलतच राहिली. पण आयुष्यभर माइकसमोर हळू बोललेला गळा तो, पुढच्या दोन रांगांपलीकडे काही पोचेना. मागे लोक एकमेकांना विचारायला लागले, काय म्हणतेय ती.

तेव्हा दीर उठला आणि खुर्चीवर चढला. छापखान्याचं मशीन हरवणारा त्याचा तो आवाज.

"ती म्हणतेय, हे वाक्य तिचं नाही. यंत्राकडून वदवून घेतलंय," तो गरजला. सभागृह गप्प झालं. त्याने खाली बघितलं. तिने पुढचं वाक्य म्हटलं. त्याने तेही म्हटलं. "ती म्हणतेय, गेम कधी येणार ते तिला माहीत नाही. ज्यांनी तिच्या शब्दावर पैसे भरले त्यांना परत द्या." ती एक वाक्य म्हणायची, तो ते सगळ्यांना ऐकवायचा. शेवटी मात्र तो तिच्यासाठी थांबला नाही. "आणि हे मी म्हणतोय," तो म्हणाला, "याच आवाजाच्या नावावर माझ्या सोबत काम करणाऱ्यांचे पैसे मी यांच्या घशात घातले. इतकी वर्षं हसणाऱ्यांना शिव्या दिल्या. त्या मी परत घेतो."

रखवालदारांनी दोघांना बाहेर काढलं. तोवर शे-दीडशे फोनांत सगळं चित्रित झालं होतं.

आठवड्याच्या आत ती जाहिरात उतरवली गेली. 'गैरसमज झाला असल्यास' खेद आहे, असं कंपनीने कळवलं. ज्यांनी त्या चित्रफितीनंतर पैसे भरले त्यांचे तेवढे परत केले, आधीच्यांना आणखी धीर धरायला सांगितलं. बंदरावर दुसऱ्याच बाईचा आवाज आला. गेम आला नाही. भक्तांनी घोषणाबाईला विकली गेलेली म्हणून झोडपलं. आणि संशयी लोकांनी तिची सभागृहातली वाक्यं कापली, त्याला बसचे भोंगे जोडले आणि गाणं करून गावभर फिरवलं. त्यांच्यातलाच एक जण मुलाखत मागायला वर आला. म्हणाला, तुमच्यामुळे आमचंच खरं ठरलं.

"तुमचं खरं ठरलं याचा तुम्हाला आनंद झालाय," ती म्हणाली. "लोक बुडाले त्याचं काय? त्यांनी कापला माझा आवाज, आणि तुम्हीही कापलात. खाली उतरा."

डेपोच्या साहेबाने तिला बोलावून शांत राहायला सांगितलं. ती म्हणाली, माइकवर मी शांतच असते, साहेब, माइक बंद झाल्यावर काय करायचं ते माझं मी बघेन.

एक काम उरलं होतं. ती दिरासोबत छापखान्यात गेली आणि पैसे भरलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बहुतेक जण म्हणाले, जाऊ द्या. मावशी म्हणाल्या नाहीत. त्या कागदाच्या थप्पीला दोरा घालत राहिल्या.

"माफी मागून काय होतं?" मावशी म्हणाल्या. "मोठ्या होडीचे आले परत. पण आधीचे? आणि पोरगा दर फोनला विचारायचा, आई, होडी आली का. आता विचारत नाही. फोनच कमी झालाय. इतकी वर्षं आम्हाला बोलायला तेवढा तरी विषय होता."

"मी त्याच्याशी बोलू का?"

"तुम्ही नका बोलू. तुमचं बोलणं ऐकूनच हे झालं." मावशींनी दोरा दाताने तोडला. "तुम्ही फसलात, मान्य आहे. तुमचा दीर फसला. म्हणून मी चिडायचं नाही, असं कुठे आहे?"

दीर मध्ये काहीतरी बोलायला गेला. घोषणाबाईने त्याला हातानेच थांबवलं, एक स्टूल ओढलं आणि मावशींच्या समोर बसली. दुपारची सुट्टी संपून मशीन सुरू होईपर्यंत मावशी तिला बोलत होत्या, आणि त्यातलं एक अक्षरही तिने खोडून काढलं नाही.