एका घरचं सामान

माझ्या धाकट्या बहिणीच्या सायकलला लोक खिचडी म्हणतात, आणि ते ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. खिचडी का, तर गिअर बदलायची यंत्रणा जपानी कंपनीची, मागचं चाक इटलीच्या कंपनीचं, चाकावर बसणारी दातेरी चक्रांची कॅसेट तिकडचीच, आणि चेन अमेरिकन. रेसच्या सायकलवाल्यांना हे पाप वाटतं. सगळं कसं एका कंपनीचं हवं. आमची आई त्याला ‘एका घरचं सामान’ म्हणते, जशी काही सोयरीकच जुळवायची आहे.

आम्ही किनाऱ्यावरच्या झाई गावचे, बोटीवर जगणारं घर. बाबांच्या बोटीचं इंजिन मुळात ट्रकचं, गिअरबॉक्स दुसऱ्याच कंपनीचा आणि पंखा तिसऱ्याच कारखान्यात ओतलेला. ती बोट आमच्या बाबांना खोल समुद्रात नेते आणि परत आणते. तिला कधी कोणी खिचडी म्हटलं नाही. पोरीच्या सायकलला एक परकं चाक लागलं तर मात्र सगळ्यांना अक्कल सुचते.

ते चाक लागलं कसं, तेही सांगते. बहीण हायवेला सरावाला जायची. तलासरीच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं आणि रिमला तडा गेला. राज्याच्या संघासाठीची निवड चाचणी महिन्यावर आली होती. तिच्या वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. संघात नाव आलं असतं तर खेळाडूचं प्रमाणपत्र मिळालं असतं आणि पोलीसभरतीत त्याचा उपयोग झाला असता. नाही आलं, तर आईच्या शेजारी मासळीची पाटी ठरलेली. पाटीत कमीपणा नाही, आमचं घर तिच्यावरच उभं आहे. पण तिला ती नको होती, आणि मलाही ती तिच्यासाठी नको होती.

मी नोकरीला सरहद्दीपलीकडे गुजरातेत जाते, म्हणून तिकडच्याच सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, कंपनीचंच चाक मागवावं लागेल. मागवलं. आज येतं, उद्या येतं, ट्रकमध्ये आहे, गोदामात आहे. मी रोज कामावरून सुटले की त्याच्या पायरीवर उभी. शेवटी डहाणू रोडला एका गृहस्थांकडे रेसच्या सायकलचं चाक असल्याचं कळलं. गुडघा गेल्यामुळे त्यांनी सायकल सोडली होती. चाक उत्तम होतं, पण इटलीचं. त्याच्या मधल्या भागावर ज्या खाचा असतात त्या वेगळ्या, आमची जपानी कॅसेट त्यात बसेना. ते घेऊन दुकानात गेले, तर शेठने हातही न लावता मान हलवली.

“बेन, आ नहीं बेसे.”

“मग इटलीची कॅसेट घालते. गिअर जपानी राहू दे. चालेल?”

“नहीं चाले. बे घरनुं थई जाय.”

दोन घरचं होईल म्हणे! मी घरी आले आणि मोबाइलवर वाचत बसले. वाचलं तेव्हा कळलं की दोन्ही कंपन्यांच्या अकरा चक्रांच्या कॅसेटमध्ये चक्राचक्रांतल्या अंतराचा फरक इतका बारीक आहे की गिअरला तो समजतसुद्धा नाही. तशी कॅसेट मिळवली, जुन्या चाकाची ब्रेकची डिस्क काढून नव्यावर बसवली, आणि अंगणात सायकल उलटी करून तार ताणत, सैल करत बसले. जपानी गिअर इटलीच्या चक्रांवर टक टक असे उतरले की मी एकटीच ओरडले. मग मुद्दाम सायकल घेऊन त्या दुकानात गेले. शेठने पायडल फिरवून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “चाले तो खरुं. पण कंपनी ना पाडे छे.”

म्हणजे याला माहीत होतं! चालतं हे माहीत असताना या माणसाने माझ्या बहिणीचे सरावाचे दिवस खाल्ले, कारण कंपनी नको म्हणते. कंपनी नको म्हणणारच, तिला आख्खं सामान विकायचंय. मी त्याला तिथे काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गुजराती, मराठी, हिंदी, तिन्ही भाषा वापरल्या.

आई या सगळ्यापासून लांब होती. सायकल घरात आल्यापासून तिने तिला एकदाही हात लावला नव्हता. ओसरीवर सायकल आडवी आली तर पाटी डोक्यावर घेऊन वळसा घालून जायची. “झाली का तुमच्या सासूची सेवा?” असं मला विचारायची, कारण मी सायकल पुसायला बसले की तास जायचा. बहिणीशी तर त्या विषयावर बोलायचीच नाही. मुलगी अर्ध्या चड्डीत हायवेला जाते, यावर बाजारात बायका काय बोलतात ते तिला रोज ऐकावं लागत होतं. पण अबोला धरून पोरीचं काय भलं होतं, असं मी तिला एकदा विचारलं. तिने पाटी उचलली आणि बाजाराची वाट धरली.

चाचणी तलासरीहून वेवजीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर होती. एकेकाला सोडायचे, घड्याळ लावून. आदल्या संध्याकाळी मी सायकलचा स्क्रू अन् स्क्रू तपासला, ब्रेक दाबून पाहिले. सकाळी शेजाऱ्यांचा टेम्पो आणायला मी गेले तेवढाच वेळ सायकल माझ्या नजरेआड होती.

बहीण सुटली ती बाणासारखी. मी शेवटच्या रेषेपाशी थांबले. तिच्यामागून सुटलेल्या मुली आल्या, त्यांच्यामागच्या आल्या, ही नाही. मग ती दिसली, सायकल ढकलत. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त, आणि चेन खाली लोंबत होती.

निवडीला आलेले साहेब पुढे झाले. पोरीला लागलंय का हे विचारायच्या आधी त्यांनी वाकून चाक पाहिलं.

“हे चाक कुठलं? आणि गिअर कुठले? हे असले जुगाड करून रेसला येतात आणि मग पडतात. कोणी जोडलं हे?”

“मी,” मी म्हटलं.

“मग बहिणीला तुम्हीच पाडलंत.”

आजूबाजूचे आईबाप माना हलवायला लागले. एक जण म्हणाला, खिचडी हो, दुसरं काय! माझे कान तापले. मी तिथेच बसले, चेन वर चढवली, पायडल फिरवलं. सगळे गिअर वर गेले, खाली आले, एक अडकला नाही. चेन पडल्यावर उतरली होती, चेनमुळे ती पडली नव्हती. मग मी ब्रेक दाबला. दाबूनही चाक फिरतच राहिलं. डिस्कवर बोट फिरवलं तर ते सरकलं. बोट नाकाशी नेलं आणि मला सगळं कळलं.

खोबरेल तेल.

आमच्या किनाऱ्यावर लोखंड उघडं ठेवत नाहीत. खारा वारा चार दिवसांत कोयता खातो. म्हणून विळी असो, कोयता असो, कुलूप असो, घरातली बाई त्याला तेलाचा हात लावते, आणि ज्या वस्तूवर जीव आहे तिला जरा जास्तच लावते. आईने दोन्ही डिस्क तेलाने लख्ख पुसल्या होत्या. आणि ब्रेक धरतो तो त्याच डिस्कवर.

मी उठले. साहेबांना ओरडून सांगणार होते की बघा, हे तेल बघा, माझ्या जोडणीत काही खोट नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी का देता? तोंड उघडलं आणि बहिणीने रक्ताळलेल्या हाताने माझं मनगट आवळलं.

“ताई, चल.”

“अगं पण...”

“चल म्हणते ना. गप चल.”

टेम्पोत सायकल मागे टाकली आणि मी भडकले. तुला कळतंय का, तुझं वर्ष गेलं, माझं नाव गेलं, आणि चूक कोणाची? बहीण खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, “मला माहितीये. तू टेम्पो आणायला गेलीस तेव्हा आईने हाक मारली. म्हणाली, तुझी सायकल पुसलीय मी, बघ कशी चकाकतेय. मी बघितलंच नाही काय पुसलंय ते. नुसतं आईकडे बघत राहिले.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “उतारावर ब्रेक लागेना तेव्हा समजलं. तिला सांगायचं नाही. सांगितलंस तर ती परत हात लावणार नाही.”

“तुझी निवड गेली गं!”

“गेलीच आहे ना. आता हे पण कशाला घालवतेस?”

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतकी शहाणी व्हायला तिला सांगितलं कोणी? आपलेच दात, आपलेच ओठ, हे मी शंभरदा ऐकलं होतं, पण तोपर्यंत माझ्या ओठात दात रुतले नव्हते.

आई दारातच उभी होती. बाजार टाकून घरी थांबली होती, हे मी पहिल्यांदा पाहत होते. तिने बहिणीचं कोपर पाहिलं, गुडघा पाहिला, आणि तिला जवळ ओढून माझ्यावर सुटली.

“तरी मी सांगत होते! एका घरचं सामान घे, एका घरचं घे! इकडचं चाक, तिकडची चेन! आपल्या बोटीचे धंदे पोरीच्या सायकलवर करतेस? मेली असती म्हणजे?”

माझ्या खिशात तेल पुसलेला रुमाल होता. तो तिच्या हातात ठेवला असता तर एका क्षणात ती गप्प झाली असती. बहीण आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. मी रुमाल खिशातच मुठीत आवळला. माझा राग दुकानदारावर होता, साहेबांवर होता, आईवर होता, या शहाण्या कार्टीवर होता, आणि तो आजही गेलेला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“हो आये,” मी म्हटलं. “चुकलं माझं. सामान एका घरचं पाहिजे होतं.”

“चुकलं म्हणे! आता पुढच्या रेसला मी येणार. तुझ्या भरवशावर नाही सोडायची मी पोरीला.”

बहिणीने मान खाली घातली. ती रडत होती की हसत होती ते मला दिसलं नाही.

“ये,” मी दात आवळून म्हटलं. “टेम्पोत जागा आहे.”