दिव्याखालचं पीठ

पनवेलच्या वाचनालयात करंजाड्याचे एक आजोबा माझ्यासमोर बसत. आल्याआल्या रुमालाने टेबलावरची धूळ पुसत. एक जुनी भयकविता मला वाचून दाखवताना त्यांना हसू आवरायचं नाही. तिच्यातला नवरा मेलेल्या बायकोसाठी रोज दार उघडं ठेवतो. "येडा हाय," ते म्हणायचे.

मध्ये बरेच दिवस ते दिसले नाहीत. परवा आले आणि तीच कविता काढून बसले.

"आमची बायको गेली," ते म्हणाले. "सून दिव्याखाली पीठ पसरत होती. गेलेल्याचं पाऊल उमटतं त्याच्यावर. मी परात हिसकावली. असला खुळेपणा माज्या घरात नाय, बोललो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पसरू द्यायला पायजे होतं. सकाळी वाकून बघितलं तरी असतं."

टेबलावरची धूळ त्या दिवशी त्यांनी पुसली नाही.