फोटोतली कंबर

पुसदला माझं शिवणाचं दुकान आहे. माझी नववीतली पोरगी रील पाहून नवनवे गळे शोधायची, मी शिवायचे. एकदा तिनंच शोधलेला ड्रेस घालून ती उभी राहिली. मी फोटो काढला आणि कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, दुकानाच्या स्टेटसला टाकताना तिची कंबर ॲपमध्ये बारीक केली. ड्रेसचं कौतुक झालं, ऑर्डरी आल्या. मी मूर्ख, खूश होते.

दिवाळीचे कपडे शिवायला टेप घेऊन तिला हाक मारली. वाढत्या अंगाची म्हणून तिच्या शिवणीत मी नेहमी दोन बोटं कापड जास्त ठेवते. ती मागे सरली.

"मले नको मोजू, आई. तू केलेल्या त्या फोटोच्या मापानं शिव. मी मावीन त्यात."