रफूवालीचा ओटा

अगं,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आपल्या दोन्ही घरांमध्ये एकच भिंत; वाटी आपटून ती वाजवली की तू यायचीस. आता भिंत आहे आणि पलीकडे तू नाहीस, म्हणून हे लिहिणं.

तू गेल्यावर माणसं भेटायला आली. सोशिक होती हो, म्हणाली. कधी वर तोंड करून बोलली नाही, म्हणाली. मी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग विचारलं, तुम्ही नक्की कोणाबद्दल बोलताय? माणूस गेलं की त्याला लगेच इस्त्री करून घडी घालायची ही काय घाई? तू सोशिक बिशिक काही नव्हतीस. तू हट्टी होतीस, खवचट होतीस, आणि एकदा रुसलीस की कोणाच्या बापाला दाद द्यायची नाहीस. थोरली जाऊ म्हणून मला तुझी सगळी नाटकं पाठ आहेत. तेव्हा होतीस तशीच लिहिते.

तू या घरात आलीस तेव्हा मी कॉलेजात शिकवायला जात होते. सासूबाई मला ‘आमची साहेबीण’ म्हणायच्या आणि तुला ‘आमची सुई’. काटकुळी होतीस म्हणूनही, आणि हातात सुई नाही असं तुला कोणी पाहिलं नाही म्हणूनही. तुझ्या रफूला तोड नव्हती. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून उलटसुलट बघायचं आणि शेवटी तुलाच विचारायचं, “फाटला कुठे होता?” तू म्हणायचीस, “आठवत नाही तर पैसे कशाचे देताय?”

तुमच्या घरात उजेड नव्हता, पण दाराबाहेर ओटा होता, ट्रामच्या अगदी वळणावर. रूळ ओट्याला खेटून जायचे. तिथे गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा व्हायचा, चाकं किंचाळायची, आणि खिडक्यांतून हात बाहेर यायचे.

“काकू, कोपर गेलंय.”

“तुझं की कोटाचं?”

“कोटाचं.”

“मग टाक. शनिवारी याच गाडीला ये.”

शनिवारी त्याच खिडकीत तू तो कोट कोंबायचीस. कोणाचं काय ते कधी लिहून ठेवलं नाहीस आणि कोणाचं काही हरवलंही नाही. एक जाड्या ड्रायव्हर होता, तो वळणावर गाडी अंमळ जास्तच हळू करायचा. त्याची पँट पुन्हा पुन्हा शिवणीत उसवायची. “पँट बदल, नाहीतर जेवण बदल,” असं तू भर गाडीसमोर त्याला सुनावलंस, आणि सगळा डबा हसला. तो ओटा म्हणजे तुझं दुकान, तुझी खिडकी आणि तुझा रंगमंच, सगळं एकच होतं.

तुझा नवरा, माझा धाकटा दीर, ट्रामच्या डेपोत मापवाला. चालत्या गाडीला वाटेत खांब, भिंत, झाड, फलाट काही घासत नाही ना, हे बघायचं त्याचं काम. माणूस सरळ, पण तोंडाने मुका. दुसऱ्याच्या घरी गेला तरी दारातून कपाट आत कसं आणलं असेल याचा विचार करत बसणारा. मी त्यांना चिडवायचे, “भाऊजी, लग्नाआधी हिलाही मोजून घेतलीत का?” ते लाजायचे. तू म्हणायचीस, “मोजली असती तर केली नसती.”

नव्या गाड्या येणार हे आपल्याला त्यांच्याकडूनच कळलं. किती खूश होते, आठवतं? लांबलचक गाड्या, आत गारवा, चढायला पायरीच नाही, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस सरळ आत. माझे गुडघे बघता मीही म्हटलं, येऊ देत बाई लवकर.

मग एका संध्याकाळी ते टेप घेऊन ओट्यावर आले. मी तिथेच होते.

“धर गं हे टोक.”

“कशाला?”

“छप्पर घालू म्हणतो. तुला ऊन लागतं.”

तू सुई पदराला टोचलीस आणि टोक भिंतीशी धरलंस. त्यांनी भिंतीपासून ओट्याच्या कडेपर्यंत मोजलं, कडेपासून रुळापर्यंत मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

“रुळापर्यंत कशाला? छप्पर काय गाडीवर घालताय?”

“सवय,” ते म्हणाले.

तू हसलीस. इतक्या वर्षांत या माणसाला माझ्या उन्हाची आठवण झाली, असं मला चारदा सांगितलंस. दुसऱ्या दिवशी मला ओढत दुकानं पालथी घातलीस आणि छपरासाठी पिवळ्या रेघांचं जाड कापड घेऊन आलीस.

छप्पर काही झालं नाही. विचारलं की “बघू” म्हणायचे.

नवी गाडी आणण्याआधी काय करतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिच्या आकाराचे थर्माकोलचे ठोकळे कापून जुन्या गाडीच्या अंगाला बांधतात आणि ती अगदी सावकाश सगळ्या मार्गावरून फिरवतात. जिथे थर्माकोल मोडेल, तिथे नवी गाडी घासणार. लांब गाडी वळताना तिचं शेपूट बाहेर फेकलं जातं, म्हणून वळणं सगळ्यात वाईट. आणि घासलं तर गाडी कापत नाहीत. समोर जे असेल ते कापतात.

त्या सकाळी आपण दोघी ओट्यावर होतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोरा ओवायचं काम माझ्याकडे होतं. पांढऱ्या ठोकळ्यांनी फुगलेली ती गाडी कोपऱ्यावर आली आणि तू म्हणालीस, “हिला काय गालगुंड झालंय?” पुढे भाऊजी उलटे चालत होते, नजर गाडीवर. बाजूला त्यांचे साहेब. साहेब मला हळूच म्हणाले, “आज दुसऱ्याला पाठवतो म्हणालो होतो. ऐकेनात.”

“ऊठ,” भाऊजी तुला म्हणाले.

“का?”

“गाडी यायचीय.”

“गाडी रोज येते.”

“ही मोठी आहे.”

तू ठोकळ्याकडे बघितलंस, मग ओट्याच्या कडेकडे, मग त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या टेपकडे. तुझा चेहरा बदलताना मी पाहिला. तू उठली नाहीस. ते दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. ठोकळ्याचा कोपरा ओट्याला लागला, करकरला आणि मोडला, आणि तुझ्या मांडीवरच्या कोणाच्या तरी काळ्या कोटावर पांढरे मणी सांडले. गाडी थांबली. भाऊजी खाली बसले आणि लाल रंगाने रेघ ओढायला लागले. ती रेघ तुझ्या पुढून नाही, पाठीमागून गेली. भिंतीलगत.

तू कोट झटकलास आणि म्हणालीस, “ते छपराचं कापड परत करा.” नवऱ्याशी तू बोललेलं ते शेवटचं वाक्य.

गवंडी आले, ओटा गेला, दाराची पायरी आत घेतली. काम चोख केलं, उगाच नावं ठेवणार नाही. तू आत दिव्याखाली बसायला लागलीस आणि एका खोलीत राहून माझ्यामार्फत संसार करायला लागलीस.

“सांगा तुमच्या दिरांना, जेवण झाकून ठेवलंय.”

“ते काय समोर बसलेत. मी काय टपालखातं आहे?”

“मग नका सांगू. उपाशी राहतील.”

मी भाऊजींना फैलावर घेतलं. आधी सांगायला जीभ झडली होती का, इथपर्यंत बोलले. ते टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करत राहिले. “वहिनी, नुसत्या मापात दोन बोटं इकडची तिकडे होतात. वाटलं, कदाचित वाचेल. मग कशाला तिला आधीपासून घोर.”

“आणि छप्पर?”

“वाचला असता तर घातलंच असतं.”

मला ते पटलं. हे मी तुला येऊन सांगितलं. तू सुई थांबवली नाहीस. “ओट्याचं काही नाही हो, जाऊबाई. दगडच तो. पण टेपचं टोक मी धरलं होतं. हसत धरलं होतं.”

मी तुझ्या पुढच्या सुईत दोरा ओवून दिला.

नव्या गाड्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीला घरच्यांना घेऊन जायची मुभा होती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. “सांगा त्यांना, मला काम आहे,” तू म्हणालीस. काम काही नव्हतं. नव्या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत. चाकं किंचाळत नाहीत. काचेआडून कोणी हात हलवतं आणि तेवढ्यात ते पुढे गेलेलं असतं. जाड्या ड्रायव्हर काही दिवस चालत यायचा, मग ड्रायव्हरांना नवा गणवेश मिळाला आणि ते कापड मेलं उसवतच नाही. तुझ्याकडची गाठोडी संपली. तुला चांगली चादर उसवून पुन्हा रफू करत बसलेलं मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवून परत फिरले. भाऊजींनी तुझ्यासाठी लख्ख उजेडाचा दिवा आणला. तो तू वापरलास. बोलली नाहीस.

हे असं वर्षावर चाललं. आणि मग एका दुपारी तू भिंत वाजवलीस. मी आले तर तू दार लावून घेतलंस.

“मला त्या गाडीत बसवाल?”

“मी कशाला? नवरा मेला रोज तेवढ्यासाठी झुरतोय.”

“त्यांना कळता कामा नये. आपण दोघीच. मला आतून बघायचंय, आपलं दार किती जवळून जातं ते. थर्माकोल मोडला ते पाहिलं, पण खऱ्या गाडीला ओटा खरंच आड आला असता का, ते माझं मी बघणार.”

“आणि आला असता तर?”

“तर बोलेन त्यांच्याशी.”

“नसता आला तर?”

“तर भांडेन. पण भांडायला बोलावं लागतंच की.”

तू हे सांगताना हसलीस. आपण बुधवार ठरवला, कारण बुधवारी भाऊजी शहराच्या दुसऱ्या टोकाला असतात. आपल्या थांब्यावर सगळे ओळखतात, म्हणून एक थांबा मागे चालत जायचं. माझा निळा कोट तू घालायचा, कारण तुझे सगळे कोट ड्रायव्हरांना पाठ.

बुधवारी सकाळी तुला ताप होता. पुढच्या बुधवारी जाऊ, म्हणालीस. पुढच्या बुधवारी तू दवाखान्यात होतीस, तोंडात नळी, आणि भाऊजी उशाशी तुझा हात धरून बसलेले. बोलायचं मनात आणलं असतंस तरी बोलता आलं नसतं. शुक्रवारी तू गेलीस.

ते मला विचारतात, “वहिनी, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का?” मी चहा ठेवायला उठते. काय सांगू? बोलणार होती, तेवढं एक बघून आली की? तुझ्या निकालाआधी तुझं म्हणणं मी कसं सांगणार.

फार काही नव्हतं गं. एक थांबा मागे चालत जायचं, डाव्या हाताची खिडकी धरायची, आणि वळण येईपर्यंत बसायचं. एवढंच काम होतं आपलं. ते राहिलं.