इंटरव्ह्यूला गेलेल्या काकू

जिन्यात पोचलो की काकू मनगट आधी स्वतःच्या नाकाशी न्यायच्या, मग माझ्यापुढे धरायच्या. "बघ गं, वास येतोय का?"

क्लोरीनचा वास. मी 'नाही' म्हणायचे, पण त्यांचा विश्वास बसायचा नाही. पर्समधून पावडर काढून हातांना, मानेला फासायच्या आणि इंटरव्ह्यूहून आलेल्या बाईसारखा दमलेला चेहरा करून स्वतःच्या दाराची बेल दाबायच्या.

हिमायतनगरच्या आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर, मी वर. मी नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आलेली, त्या तीन पिढ्यांच्या हैदराबादी. लग्न झाल्यापासून पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात हिशेब सांभाळले. मग मालकाच्या मुलांनी कारभार दुसऱ्या शहरात हलवला आणि एका दुपारी सगळ्यांना घरी पाठवलं.

"घर खायला उठतंय गं," त्या म्हणाल्या. मी रोज सकाळी बायकांच्या वेळेत पोहायला जायचे. "तुझ्याबरोबर येते. नुसती काठावर बसेन."

शिकवणाऱ्या मॅडमना काठावर बसलेली बाई बघवत नसे. "अम्मा, दिगंडी!" त्या तेलुगूत ओरडायच्या. उतरा!

"नक्को गं बाई, या वयात!" काकू म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेऊन आल्या.

माणूस पहिल्यांदा पाण्यावर तरंगतो तेव्हाचा त्याचा चेहरा तुम्ही कधी पाहिलाय? मॅडमनी पाठीखालचा हात काढून घेतला, ते काकूंना कळलंच नाही. आकाशाकडे बघत त्या पडून राहिल्या. मग बाहेर येऊन काठावर बसल्या.

"अशी नुसती पडून कधी राहिलेच नव्हते गं," त्या म्हणाल्या. "तापातसुद्धा उशाशी ऑफिसची फाइल असायची." आणि लगेच तोंड उतरलं. "पण हे बरं नाही. नोकरी गेलेल्या बाईनं एवढं खूश असू नये."

घरी त्यांनी सांगितलं होतं, अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन जाहिराती बघते, कधी इंटरव्ह्यूला जाते. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे फार तपशील द्यायच्या. साहेबाच्या टेबलावर काय होतं, पंखा कसा कुरकुरत होता. काका मन लावून ऐकायचे. "फिकर नको करू," म्हणायचे, "लोकांना माणसाची कदर राहिली नाही." मग स्वतः उठून काकूंसाठी लिंबूसरबत करायचे.

"ते सरबत घशाखाली उतरत नाही गं," काकू मला सांगायच्या. आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत माझ्या दारात हजर.

काका एका खासगी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. संध्याकाळी इराण्याकडे दोस्तांबरोबर चहा, हा त्यांचा एकुलता एक शौक. तो त्यांनी बंद केला. पित्त होतं म्हणे. मला जिन्यात गाठून हळूच विचारायचे, "हिचं काही जमेल का हो?" मी म्हणायचे, "जमेल, काका." मनात मात्र वाटायचं, इतक्यात नको जमायला.

जन्मात कुणापुढे हात न पसरलेला तो माणूस भर उन्हाळ्यात बसनं सिकंदराबादला खेपा घालू लागला, हे आम्हाला नंतर कळलं. तिथं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची पंखे-कुलरची मोठी दुकानं होती. शाळेत त्या मुलाला कधी शाबासकी दिली नव्हती, आणि आता बायकोसाठी त्याच्या दुकानात ताटकळत बसायचे. आम्ही इकडे गार पाण्यात.

एका दुपारी काकू वर आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडू लागल्या. मी घाबरले.

"नोकरी लागली गं," त्या म्हणाल्या.

नोकरी लागली म्हणून रडणारी बाई मी एवढी एकच पाहिली.

"आता सगळं सांगून टाका," मी म्हणाले.

त्या रात्री त्यांनी सांगितलं. काकांनी तेही मन लावून ऐकलं. मग विचारलं, "बुडत नाहीस ना?"

"नाही."

"मग आधी सांगायचंस ना! मी उगाच उन्हात फिरलो."

"मी नाही म्हणते त्या नोकरीला."

"हौ, म्हण की. पेन्शन नाही, पण भागवू कसंतरी. चहा सुटलाच आहे."

"हे रागावले असते तर मी नाही म्हटलं असतं गं," काकू मला म्हणाल्या. "आता कोणत्या तोंडानं म्हणू?"

त्यांनी नोकरी धरली. रोजचा प्रवास झेपेना म्हणून दोघं सिकंदराबादला राहायला गेली. तिकडेही पोहण्याचा तलाव आहे, पण बायकांची वेळ सकाळचीच, आणि दुकानही सकाळीच उघडतं. फोनवर हे त्यांनी हसत सांगितलं. तेव्हापासून पाण्यात उतरताना मला चोरट्यासारखं वाटतं.

सिकंदराबादला जाण्याआधीच्या शेवटच्या सकाळी त्या पहिल्यांदाच खोल बाजूला गेल्या, एकट्या, मध्ये कुठेही न थांबता. पलीकडची भिंत दोन्ही हातांनी धरली आणि आमच्याकडे पाठ करून तशाच राहिल्या. वेळ संपली होती. बाकीच्या बायका बाहेर आल्या, केस पुसू लागल्या. मॅडमनी शिटी तोंडाला लावली, पलीकडे पाहिलं, आणि शिटी खाली घेतली.