वेगळ्या फळीवरचा कप

अलिबागेत कुठे जेवावं, याबद्दल मुंबईच्या संपादकांनी माझ्याकडे टिपण मागितलं होतं. मी तेव्हा त्यांच्या वर्तमानपत्राचा जिल्ह्याचा बातमीदार होतो. कोर्टाच्या कामाला किंवा हवापालटाला येणाऱ्यांची सोय व्हावी, एवढाच हेतू. काम सोपं वाटलं.

इराण्याचा चहा गावात सर्वांत चांगला. पाव मात्र दुपारनंतर घेऊ नये. देवळामागच्या ब्राह्मण बाईंकडे आमटी उत्तम, पण इतरांची पंगत ओसरीवर. बंदराकडच्या कोकणी मुसलमानाकडे सुरमई खावी, बिर्याणीच्या नादी लागू नये. या सगळ्यांहून सरस म्हणजे एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाईंची खानावळ. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून या लोकांना गावात शनवार तेली म्हणत. नवरा वारल्यावर बाईंनी घराच्या पडवीत टेबलं मांडली होती. नारळाच्या दुधातलं तसं मटण मी पुन्हा कुठे खाल्लं नाही.

कोणत्या जागी कुणालाही आत बसता येतं, हेही मला टिपणात हवं होतं. त्याचं कारण माझ्या ओळखीचे एक मास्तर. ते महार समाजातले, खाडीपलीकडच्या गावात शिक्षक. महिन्यातल्या एका सोमवारी बोर्डाच्या कचेरीत येत आणि दुपारी सुरूच्या झाडाखाली वाळूत बसून घरची भाकरी खात. इराणी त्यांना चहा देई, पण खिडकीत ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. तो कप कुणासाठी, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. मास्तर एकदा म्हणाले होते, "बसायला बाक मोडका असला तरी चालेल. कप सगळ्यांचा हवा."

बाईंना मी आधीच विचारलं. त्या हसल्या. "आणा की. आम्हालाच लोक पाणी वरून वाढतात, आम्ही कुणाला अडवायचं?"

पुढच्या फेरीला मास्तर आले. सोमवार ते पाळत, म्हणून त्यांनी डाळभात आणि वांग्याची भाजी घेतली. मी आणि शेजारच्या टेबलावरचा वकिलाचा कारकून, आम्ही मटण घेतलं. बाईंनी सगळ्यांना सारखंच वाढलं. मास्तर निवांत जेवले.

मग चहा आला. आम्हा दोघांना चुलीजवळच्या पांढऱ्या कपांतून कोरा, गवती चहाची पात घातलेला. मास्तरांसाठी बाई आतल्या खोलीत गेल्या, उंचावरच्या फळीवरून निळ्या काठाचा कप काढला, धुतला आणि त्यात दुधाचा चहा आणून ठेवला.

मास्तरांनी तो कप पाहिला, मग आमचे पाहिले. कारकून मिशीत हसला. "इथंही फळी वेगळीच की."

"जेवण चांगलं होतं, बाई," एवढं म्हणून मास्तर उठले आणि बाहेर गेले. चहा तसाच राहिला.

बाईंचा चेहरा उतरला. "सोमवारी आमच्या हातचं दूध चालत नाही का त्यांना?"

कप वेगळा का, असं मी विचारलं. त्यांच्यात मटणाबरोबर किंवा त्यावर दूध घेत नाहीत, म्हणून दुधाची भांडीही निराळी असतात, असं त्यांनी सांगितलं. मास्तरांनी मटण खाल्लं नव्हतं, म्हणून त्यांना मुद्दाम दुधाचा चहा दिला. त्याच कपातून त्या स्वतः सकाळी पितात.

मी वाळूत जाऊन मास्तरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "पण कारण सगळीकडेच सांगतात. खरं कुठलं, हे कपाकडे बघून कसं ओळखायचं?"

मी त्या खानावळीत कितीतरी वेळा जेवलो होतो. ती फळी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या महिन्यात मास्तर स्वतःच खानावळीत आले. मी तिथे होतोच. बसल्या बसल्या त्यांनी मटण मागितलं.

"मास्तर, आज सोमवार," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

बाई पातेल्याजवळ घुटमळल्या. दुसऱ्याचा नेम आपल्या घरात मोडावा, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाढा म्हणावं की वाढू नका, हे मला कळेना. शेवटी त्यांनी वाढलं. मास्तर सावकाश, सगळं जेवले. मग चुलीजवळचा पांढरा कप आला, माझ्यासारखाच, कोऱ्या चहाचा. तो त्यांनी पूर्ण प्यायला.

त्यांनी बाईंची परीक्षा पाहिली, की मागच्या खेपेची भरपाई केली, मला ठरवता आलं नाही. बाईंनाही आलं नसावं. पान उचलावं तशी त्यांनी ताटली हळूच उचलली.

"पुढच्या महिन्यात येतो," मास्तर म्हणाले.

"तेव्हाही सोमवारच असणार. मग मी काय रांधू?"

मास्तर चपला घालता घालता थांबले. त्यांनी चुलीजवळच्या पांढऱ्या कपांकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे.