स्त्रातिसचं जिवंतपणीचं मर्तिक

आमच्या पेत्रोवूनी गावात स्त्रातिसला कोणी सरदार नेमलं नव्हतं. लावे पक्षी पकडायची जाळी विणणारा माणूस तो. तुर्की फौज किनाऱ्याला उतरली तेव्हा गावातले शहाणे सोनंनाणं पुरायला धावले, आणि हा बंदुका मागत दारोदार फिरला. तेवढ्यावरून लोक त्याला कप्तान म्हणायला लागले.

गावाच्या वाटेवरच्या खिंडीत त्याने फौजेच्या सेनापतीची, पाशाची, माणसं दोनदा पिटाळली. मग पाशाचा माणूस निरोप घेऊन आला: कप्तान आमच्या हवाली करा, गावाला हात लावणार नाही.

सगळे चर्चच्या अंगणात जमले. गावचा म्हातारा कारभारी पोथितोस खाली बघत म्हणाला, "एका माणसापायी सगळं गाव जाळून घ्यायचं का?"

एकेक जण भिंतीकडे सरकला. भेकड लेकाचे! शेवटी स्त्रातिसच उठला. "जातो मी. गाव राहू दे."

तेवढ्यात त्याची आई स्तामाता आली. अंगावर काळे कपडे, हातात परात. परातीत उकडलेले गहू, वर डाळिंबाचे दाणे. असे गहू आम्ही फक्त मेलेल्याच्या नावाने वाटतो. मधोमध बसून तिने केस सोडले आणि पोटच्या लेकासाठी विलाप सुरू केला. आमच्या बायका विलापात मारणाऱ्याचं नाव घेतात, आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या धुऊन निघत नाही. तिने पोथितोसचं नाव घेतलं.

"अगं बाई, जिवंत आहे तो! समोर उभा आहे!" पोथितोस ओरडला.

"तू त्याला विकलंस तेव्हाच तो मेला. घे, गहू खा! याला नेऊन पाशा गाव सोडणार असता तर मीच पोचवून आले असते. अरे, हा गेल्यावर खिंडीत उभं कोण राहणार? तू?"

म्हाताऱ्याचा हात परातीकडे जाईना. स्त्रातिसने मात्र मूठभर गहू तोंडात टाकले. "आई, गोड कमी झालंय गं."

अंगण खदखदून हसलं. मग तो पाशाच्या माणसाकडे वळला. "सांग तुझ्या धन्याला, कप्तान वारला. प्रेत हवं असेल तर खिंडीत येऊन उचल म्हणावं."

पाशा आला. त्या दिवशी सगळ्यांत पुढच्या दगडाआड पोथितोस होता, कोणी न सांगता. म्हाताऱ्याच्या मांडीत गोळी शिरली तेव्हा स्त्रातिसने त्याला पाठीवर घेतलं आणि गावाकडे निघाला.

"उतरव मला, गाढवा!" म्हातारा त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होता. "जागा मोकळी पडली तिथली!"

स्त्रातिस थांबला. मागे फिरला. म्हाताऱ्याला परत दगडाआड टेकवून त्याने बंदूक भरून हातात दिली. गाव अजून आमचंच आहे.